मुलांना काय, काहीही चालतं

११ एप्रिल

सकाळी दुकानाचं शटर अर्धंही वर गेलं नव्हतं, तोच थोरल्या जाऊबाईंचं फर्मान येऊन पडलं. घरच्या ग्रुपवर, हातभर लांब. विषय काय, तर क्रूझवर रात्रीच्या जेवणाला मुलांनी काय घालावं.

"जेवणघरात पोहण्याचे कपडे चालत नाहीत. स्लिपर नकोत, बंद बूट. टी-शर्टवर चित्रंबित्रं नकोत. मुलींचे फ्रॉक गुडघ्याखाली. आणि कॅप्टनच्या खास जेवणाच्या रात्री एकदम झकपक हवं, कारण त्याच रात्री आपल्या सगळ्यांचा फोटो आहे."

आता घरात मुलं किती, तर दोन. तिची भिंगरी आणि माझी खारू, दोघी नऊ वर्षांच्या. भिंगरीला काय घालायचं ते तिला ठाऊक आहेच. म्हणजे फर्मान माझ्या एकटीसाठी, बाकीचे सगळे साक्षीदार.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून हा घाट घातला आहे. दोघा भावांनी मिळून आईवडिलांना आठवडाभर जहाजावर न्यायचं, सोबत आम्ही बायका आणि पोरी. सगळ्यांच्या खोल्या माझ्या नवऱ्याने एकत्रच, आमच्या नावावर ठरवल्या. तेवढं एक काम आमच्याकडे आलं, बाकी हुकूम तिकडून.

मी ग्रुपवर अंगठा टाकला आणि दिवसभर पडद्यांच्या चुण्या घालत बसले. एक अख्खा पडदा उलटा शिवला.

१६ एप्रिल

नवरा म्हणतो, "वर्ष झालं आता त्या गोष्टीला. सोड ना."

मी म्हटलं, "फोटो उतरवला का भिंतीवरून? मग वर्ष झालं नाही."

लिहूनच ठेवते, म्हणजे पुन्हा कुणी सोड म्हटलं की वाचायला देता येईल. गेल्या वर्षी थोरलीने नवं घर घेतलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी आदल्या दिवशी फोन करून मुद्दाम विचारलं होतं, "ताई, खारूला काय घालू?" तर म्हणाली, "मुलांना काय गं, काहीही चालतं." त्या दिवशी खारूची शाळेत धावण्याची शर्यत होती. तिथून तशीच उचलून आणली, खेळाचे कपडे, गुडघ्याला माती. जाऊन बघतो तर सगळं घर पांढऱ्यात. भिंगरी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, थोरलीच्या भावाची मुलं पांढऱ्या शर्टात, अगदी आमच्या सासूबाईसुद्धा. फोटोग्राफर बोलावलेला. आणि सगळ्यांसमोर थोरली माझ्या पोरीला म्हणाली, "बाळा, तू जरा बाजूला उभी राहा हं. कपडे जुळत नाहीयेत."

खारू बाजूला उभी राहिली. बायकांनी आपापल्या पर्सही तिच्याकडेच दिल्या. फोटो होईपर्यंत माझी पोर सगळ्यांच्या पर्स छातीशी धरून उभी होती. आणि मी? मी फोटोत आहे. मला ओढून घेतलं आणि मी उभी राहिले, तोंड शिवल्यासारखी.

तो फोटो थोरलीच्या हॉलमध्ये आहे. दोन खिडक्यांच्या मधोमध. त्या दोन्ही खिडक्यांचे पडदे नंतर मीच शिवलेत, तेही फुकट, घरचं काम म्हणून.

२० एप्रिल

थोरलीचा फोन. इकडचं तिकडचं बोलून म्हणते, "खारूची उंची किती झाली गं आता? आणि छातीचं माप काय?"

मी म्हटलं, "वाढतेय आपली वयाप्रमाणे."

"तसं नाही गं, नक्की सांग ना."

"ताई, दुकानात गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक कसलं, कुत्रंही नव्हतं. पण मला कळत नाही का? भिंगरी वर्गात सगळ्यांत उंच. माझी खारू आपली खारूताई. थोरलीला माझ्या तोंडून ऐकायचं होतं की माझी मुलगी बुटकी आहे. मी काय दुधखुळी आहे?

२ मे

झगा झाला. गेल्या वर्षी एका हॉटेलच्या मोठ्या दालनाचे पडदे केले होते, त्यातली गर्द हिरवी मखमल उरली होती. असं कापड थोरलीने आपल्या लग्नातही अंगाला लावलं नसेल. आत रेशमी अस्तर, घेराला चुण्या, मागे एकच मोठं बटण, म्हणजे पोरीला स्वतःचं स्वतःला घालता-काढता यावं. गळ्याला पांढरी कॉलर. घातल्यावर खारू आरशापुढे उभी राहिली आणि घेर फुलवत गोल गोल फिरली.

मग म्हणाली, "आई, भिंगरीला पण एक शिवशील? म्हणजे आम्ही सेम सेम घालू."

"कापड संपलं," मी म्हटलं. कापड होतं. भरपूर होतं.

या फोटोत माझी खारू मधोमध उभी राहणार. आजी-आजोबांच्या पुढ्यात. आणि कुणीतरी बाजूला उभं राहायचंच असेल तर ते कोण, ते देव बघेल. देवाला जमलं नाही तर मी आहे.

१० मे

जहाज म्हणजे एक आडवं पडलेलं हॉटेलच. आमची खोली एवढीशी, की नवरा बूट घालायला वाकला की मला बाथरूममध्ये जाऊन उभं राहावं लागतं. सासरे डेकवर समुद्राकडे बघत बसतात आणि दर थोड्या वेळाने "पाणी पुष्कळ आहे" म्हणतात. सासूबाई त्यांना "हो" म्हणतात. पन्नास वर्षं अशीच गेली असणार.

खारू आणि भिंगरी सकाळपासून दिसल्याच नाहीत. पोहण्याच्या तलावात एकदा दोन डोकी दिसली, एवढंच. दुपारी जेवताना दोघी एकमेकींच्या कानात काहीतरी सांगून खुसुखुसू हसत होत्या. मी विचारलं तर भिंगरी म्हणाली, "सिक्रेट आहे काकू. आईने सांगितलंय सांगायचं नाही."

म्हणजे आईचं सिक्रेट. आणि आता माझ्या पोरीलाही त्यात ओढलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

रात्री जेवणाला खारूला बंद बूट घातले, गुडघ्याखालचा फ्रॉक घातला. थोरलीने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "छान." एवढंच. 'छान' हा शब्दही माणसाला किती खालचा वाटायला लावता येतो, ते तिच्याकडून शिकावं.

११ मे

कार्यक्रम असा आहे: उद्या संध्याकाळी डेकवर तलावाशेजारी साधं जेवण, पोहता पोहता येऊन खाल्लं तरी चालेल असं. परवा रात्री कॅप्टनचं खास जेवण आणि फोटो. खारूचा झगा कपाटात टांगून ठेवलाय. समुद्र हलला की तोही हलतो.

१२ मे, दुपार

घाईत लिहिते.

सकाळी नाश्त्याला थोरली म्हणाली, "कॅप्टनच्या जेवणाचे कपडे मी इस्त्रीला देऊन टाकले बाई. बॅगेत पार चुरगळले होते. उद्या दुपारी देणार आहेत." मी ब्रेडला लोणी लावत "बरं केलंत" म्हटलं. तेव्हा माझ्या मनात काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

मग खोलीत आले तर फोन वाजला. रिसेप्शनवरची बाई. उद्या रात्री समुद्र खवळणार आहे, ताटं टेबलावर राहायची नाहीत, म्हणून कॅप्टनचं जेवण आणि फोटो आजच, मोठ्या जेवणघरात. डेकवरचं जेवण उद्यावर. म्हणाली, "तुमच्या सगळ्या खोल्या एकाच नावावर आहेत, म्हणून इथेच फोन केला. बाकीच्यांना तुम्ही कळवाल ना?"

"कळवते की," मी म्हटलं.

आणि कळवलं. नवऱ्याला सांगितलं. सासू-सासऱ्यांना जाऊन सांगितलं, सासूबाईंची चांगली शालही काढून ठेवली. मग थोरलीला शोधायला डेकवर गेले, हेही खरं आहे. ती तलावाच्या कडेला पाय सोडून बसली होती. मला बघून म्हणाली, "अगं, आज इथेच ना जेवण? भिंगरीला काय घालू? पुन्हा कपडे बदलायला खाली नेऊ का?"

मी तोंड उघडलं ते सांगायलाच. आणि बाहेर काय आलं?

"मुलांना काय ताई, काहीही चालतं."

तिने मान डोलावली. तिला आठवलंसुद्धा नाही! तिचेच शब्द, जसेच्या तसे, आणि बाईच्या कपाळावर एक आठी उमटली नाही. मला आधी थोडं वाईट वाटत होतं. ते तिथेच संपलं.

भोंग्यावरून घोषणा झाली तेव्हा तलावाजवळ गाणी लागली होती. कुणाला काही ऐकू गेलं नाही. देव आहे.

खारूच्या केसांना तेवढी रिबीन लावायची राहिलीय.

१३ मे, सकाळ

कुठून सुरुवात करू? क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

जेवणघराचं दार काचेचं आहे, दोन झडपांचं. आत पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, आणि दाराजवळच जिन्यापाशी, दाराकडे पाठ येईल अशी फोटोची जागा. आम्ही वेळेवर पोचलो. सासरे कोटात, सासूबाई शालीत. खारू हिरव्या मखमलीत आत शिरली तेव्हा दाराजवळच्या हेड वेटरने तिला वाकून नमस्कार केला. बाजूच्या टेबलावरच्या बायकांनी माना वळवल्या. मी मुद्दाम हळूहळू चालले.

थोरलीकडची मंडळी नव्हती. सासरे म्हणाले, "थोरला कुठे राहिला?" नवरा बघायला गेला. काय झालं असणार ते मी बसल्या जागेवरून सांगू शकले असते. डेकवर गेले असणार, तिथे खुर्च्या उलट्या घालून ठेवलेल्या, मग धावाधाव.

आलेच. मोठे दीर अर्ध्या चड्डीत. थोरली सुती कपड्यांत, केस ओले. आणि भिंगरी पोहण्याच्या चड्डीत, वर मगरीचं चित्र असलेला टी-शर्ट, पायात स्लिपर, हातात ओला टॉवेल. नियम सगळ्यांना पाठ करायला लावणाऱ्या बाईचीच पोर, एका फटक्यात सगळे नियम मोडून दारात उभी. मी ग्लासातलं पाणी प्यायले. अमृत लागलं.

हेड वेटरने दिरांसाठी काळी पँट आणून दिली. अशा विसराळू पुरुषांसाठी ठेवलेल्या असतात म्हणे. थोरलीच्या खांद्यावर सासूबाईंनी आपली शाल टाकली. पण लहान मुलांच्या मापाचं त्याच्याकडे काहीच नव्हतं. फार अदबीने म्हणाला, "वर साधं उपाहारगृह आहे, तिथे चालेल. आज इथे नाही चालायचं."

थोरली म्हणाली, "मी धावत जाऊन दुसरा फ्रॉक आणते हिचा." फोटोग्राफर म्हणाला, "मग तुमचा नंबर शेवटी जाईल, मागे रांग आहे." सासूबाई म्हणाल्या, "माझे पाय भरून आलेत गं. मला आता फार उभं राहवायचं नाही."

 वर्षभर मी याच क्षणाची वाट बघत होते. मी पुढे झाले, भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "राहू दे ना ताई. बाळा, तू जरा बाजूला उभी राहा हं. कपडे जुळत नाहीयेत."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. आता आठवलं तिला. चेहरा असा उतरला की मला वाटलं, फोटो याचाच काढायला हवा होता. फिटलं! पै न् पै फिटली.

भिंगरीची हनुवटी थरथरायला लागली. ते मला दिसलं. दिसलं नाही असं लिहिणार नाही.

तेवढ्यात खारू म्हणाली, "आई, आम्ही दोघी पटकन बाथरूमला जाऊन येतो." भिंगरीला हात धरून घेऊन गेली. बाथरूम दाराच्या बाहेर लगेच आहे. मी म्हटलं, "लवकर ये, तुला मध्ये उभं राहायचंय."

फोटोग्राफरने आम्हाला लावायला सुरुवात केली. सासू-सासरे मध्ये खुर्च्यांवर, मागे आम्ही चौघं. मला म्हणाला, "बाई, हनुवटी वर. इथे, माझ्या हाताकडे बघा. आता हलायचं नाही." मी हनुवटी वर केली. डोळ्यांच्या खालच्या कडेला हिरवी मखमल धावत आली आणि मधोमध उभी राहिली. माझी खारू! मी हसले. असं हसू मला माझ्या लग्नातही आलं नव्हतं. फोटोग्राफर म्हणाला, "वा, या बाईंसारखे हसा सगळे." एक काढला, दुसरा काढला, तिसरा काढला.

मग मी खाली पाहिलं.

मखमलीत भिंगरी होती. झगा तिला आखूड होत होता, पाठीवरचं बटण नीट बसलं नव्हतं.

वळून बघते तर खारू मागे काचेच्या दाराबाहेर उभी होती. अंगात मगरीचा टी-शर्ट, गुडघ्यापर्यंत येणारी भिंगरीची चड्डी, छातीशी ओला टॉवेल धरलेला. मला बघून ती आणखी जोरात हात हलवायला लागली.

मी कशी धावले मला आठवत नाही. थंडीने तिच्या अंगावर काटा आला होता. मी तिला गदागदा हलवली. "का केलंस असं? का केलंस? तुझ्यासाठी शिवला होता मी तो!"

ती म्हणाली, "अगं आई, तिला नाही येत बाजूला उभं राहायला. ती रडली असती. मला येतं."

मला येतं.

बाकी काय झालं ते लिहीत नाही. जेवणात सूप होतं.

१४ मे

समुद्र खवळलाय. कपाटात आता काही हलत नाही, कारण काही टांगलेलं नाही. झगा भिंगरीकडेच आहे.

दुपारी दारावर टकटक झाली. थोरली. एका हाताने भिंतीला धरून उभी होती, दुसऱ्या हातात इस्त्रीहून आलेली पिशवी. आत आली, पलंगावर बसली. पिशवीतून दोन फ्रॉक काढले. लिंबासारखे पिवळे, दोन्ही एकसारखे, कमरेला तीच पट्टी, खिशावर तेच फूल. एक मोठा, एक लहान.

"फोटोसाठी आणले होते," ती म्हणाली. "पोरींना ठाऊक होतं. तुला तिथेच देणार होते. माप अंदाजानेच घेतलंय. विचारलं तर सांगितलं नाहीस."

 मी पलंगावरची उशी सरळ केली.

ती फ्रॉकच्या घड्या मोडत आणि पुन्हा घालत बसली. मग म्हणाली, "त्या वेळी पांढऱ्या कपड्यांचं माझ्या भावजयीने आयत्या वेळी काढलं होतं. तुला कळवायचं राहून गेलं. आणि नंतर खारूला तसं म्हटलं ते... घाईत म्हटलं गं. तोंडातून गेलं. नंतर कितीदा वाटलं, तुला फोन करून बोलावं."

"मग केला का नाहीत?"

"तू पडद्यांचे पैसे घ्यायला नकार दिलास ना. मला वाटलं, तू काही मनावर घेतलं नाहीस."

अगं बाई! पैसे नाकारले ते रागाने. ती समजली प्रेमाने. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

उठताना दाराशी थांबली. "परवाचा फोन तुमच्या खोलीत आला होता ना? मी रिसेप्शनला विचारलं."

मी कपाटाचं दार घट्ट धरलं. समुद्रामुळे नाही.

"घरात कुणाला बोलले नाहीये मी," ती म्हणाली. "बोलणारही नाही. बिल पिशवीत आहे. लहान झाला तर बदलून मिळेल."

म्हणजे आता हे उपकारही डोक्यावर घेऊन फिरा. मी तिच्या पाठीमागे दार लावलं आणि पिवळा फ्रॉक उचलून पलंगावर फेकला. मग पुन्हा उचलला, शिवण बघितली. शिवण चांगली आहे.

खारूला घालून पाहिला. बोटभर आखूड आहे. तिने विचारलं, "आता सिक्रेट फुटलं ना? मग सांगू? मला आधीपासून माहीत होतं." आणि टुणकन उडी मारून भिंगरीला दाखवायला पळाली.

२५ मे

घरी येऊन आठवडा झाला. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो सोड म्हणाला नाही.  पानातलं अन्न चिवडत बसला, ते जास्त लागलं.

आज थोरलीने झगा परत पाठवला. धुऊन! मखमल धुतली बाईने, तीही मशिनमध्ये! सगळी लव बसली, अस्तर आवळलं, कॉलरला हिरवा रंग लागला. हे मुद्दाम की अज्ञान? आधी मी पैजेवर सांगितलं असतं. आता काही सांगता येत नाही, आणि हाच मोठा त्रास आहे. इतके दिवस पोसलेला राग माझ्याच हातात उलटा धरलेल्या कात्रीसारखा झालाय.

२८ मे

थोरलीचा फोन. रविवारी जेवायला बोलावलंय.

म्हणाली, "हॉलमधला जुना फोटो काढला बरं का मी. त्या जागी जहाजावरचा लावलाय, मोठा करून."

"तो कशाला?" मी विचारलं. 

"का? सासूबाई-मामंजी किती छान आलेत! भिंगरी मध्ये आहे तुझ्या हिरव्या झग्यात. मागे काचेच्या दारातून खारूसुद्धा दिसते, हात हलवताना. आणि तू! अगं, इतकी खूश तू मी कधी पाहिली नाही. जो येतो तो विचारतो, या हसणाऱ्या बाई कोण म्हणून."

"ताई, तो काढून टाका."

"छे! तो नाही हं काढणार मी," थोरली म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. लोण्यासारखा. माझ्याच आवाजासारखा, मी भिंगरीशी बोलले होते तेव्हाचा.

म्हणजे येणारजाणारे ते बघणार. दोन खिडक्यांच्या मधोमध, मी शिवलेल्या पडद्यांच्या मध्ये, माझं ते तोंड, कान ते कान हसणारं. आणि मागे काचेपलीकडे माझी पोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तिच्या जागी असते तर मीही तो काढला नसता. मान्य करते, सूड घ्यावा तर असा. भिंतीला एक खिळा आधीपासून होताच, नवाही मारावा लागला नाही तिला.

फोन ठेवता ठेवता मी विचारलं, "रविवारी खारूला काय घालू?"

पलीकडे ती हसली की काय, कळलं नाही.

"मुलांना काय गं," म्हणाली, "काहीही चालतं."

३१ मे, रविवार

सकाळपासून पलंगावर दोन कपडे मांडून बसले होते. पिवळा फ्रॉक आणि आवळलेला हिरवा झगा. पिवळा घातला तर मी हरले, हिरवा घातला तर मी विसरले नाही. 'काहीही चालतं' म्हणाली ते खरं धरायचं की खोटं? तिथे सगळे पुन्हा पांढऱ्यात असले तर? तिथे सगळे पिवळ्यात असले तर? मी एकदा हा उचलला, एकदा तो. नवरा दोनदा डोकावून गेला.

खारू आतून आली ती तयार होऊनच. अंगात तो मगरीचा टी-शर्ट. भिंगरीने तिला देऊनच टाकलाय म्हणे, आणि खारूचा जुना निळा टी-शर्ट तिने घेतलाय. दोघींचं फोनवर ठरलंय, आज तेच घालायचं.

"हे घालून जेवायला जाणार?" मी विचारलं.

"हो. का? नाही चालत?"

तिने अगदी सरळ विचारलं. आणि विचारता विचारता दाराच्या चौकटीकडे सरकली, अंग चोरून, कडेला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिचं तिलाही कळलं नसेल.

"चालतं," मी म्हटलं. "इकडे ये आधी. अशी मध्ये ये."

ती आली. मी तिचे केस विंचरले. मग पलंगावरचे दोन्ही कपडे कपाटात कोंबले आणि तिच्या चपला शोधायला लागले.